बावीस डबे

"बोल ना, कैसी लग रही है?" चढ्ढा भाभींनी विचारलं, आणि वैजयंतीने स्वयंपाकघराकडे तोंड करून, न दिसणाऱ्या गोष्टीचं तोंडभर कौतुक केलं.

"बहुत सुंदर, भाभी! पहचान में ही नहीं आ रही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. पायाखालची फरशी ओली होती, फिनेलचा वास सुटला होता, आणि त्या वासाच्या आत कोऱ्या प्लॅस्टिकचा दुसरा एक वास होता. लेक सिम्मीच्या लेहंग्याची किनार दुमडायची घाई आहे असं सांगून भाभींनी तिला दोन तास वर आपल्या घरी बसवून ठेवलं होतं, आणि तेवढ्यात कामवालीला हाताशी घेऊन वैजयंतीचं अख्खं घर धुवून काढलं होतं. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायचीच. इतकं प्रेम करणारी शेजारीण मिळायला भाग्य लागतं. वैजयंतीला ते भाग्य होतं, त्याला ती तरी काय करणार!

"सरप्राइज!" भाभींनी टाळी वाजवली. "कल तेरा भाई आ रहा है. वो पुराने टीन के डिब्बे देखता तो क्या सोचता? दिवाली का गिफ्ट है मेरी तरफ से. पूरा सेट, बाईस पीस, सब एक जैसे! सिम्मी ने कंप्यूटर क्लास से लेबल भी छापकर लगा दिए."

वैजयंतीने फळीवर हात फिरवला. गुळगुळीत. त्याच्या शेजारी गुळगुळीत. त्याच्याही शेजारी तेच. बावीसच्या बावीस डबे एका आईची लेकरं असल्यासारखे उभे होते आणि त्यांच्या पोटांवर चिकटवलेला कागद तिच्या बोटांना एक अक्षर सांगत नव्हता.

"बिल्कुल मैगज़ीन जैसी किचन," भाभी म्हणाल्या.

"बिल्कुल," वैजयंती म्हणाली, आणि तिने भाभींचे दोन्ही हात धरून आभार मानले. मनापासून मानले. रडू येत होतं ते वेगळं.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. वैजयंतीला दिसत नव्हतं. चार वर्षांपूर्वी संध्याकाळी धडपडायला लागली, मग दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं, मग मधलंही विरत गेलं. दिल्लीतल्या मोठ्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार आहे म्हणून सांगितलं. हळूहळू जाणार, उपाय नाही. आता उजेड कुठे आहे आणि समोर कुणी उभं आहे की नाही, एवढंच कळायचं. गुडगावच्या त्या तीन मजली इमारतीत मात्र सगळ्यांचा समज होता की चष्म्याचा नंबर जरा मोठा आहे. वैजयंतीने तो समज मोडला नाही. 'बिचारी' हा शब्द तिला कुणाच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

तिने डॉक्टरांकडून आल्यावरचा पहिला रविवार रडून काढला. दुसऱ्या रविवारी नवऱ्याला म्हणाली, "अहो, सुतळी, खिळे आणि बटणं आणा. अजून थोडं दिसतंय तोवर मला हे घर हाताला वाचता येईल असं करून घ्यायचंय."

हरिदास मानेसरला मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होता. परदेशातून माल यायचा तो पाइनच्या खोक्यांतून, आणि रिकामी खोकी गेटपास करून घरी नेता यायची. या माणसाने जन्मात कधी सरळ खिळा ठोकला नव्हता. कामाच्या पहिल्याच रविवारी त्याने अंगठा ठेचून घेतला, दुसऱ्या रविवारी फळी उलटी लावली. पण वैजयंती लग्नाआधी मिरजेला शिवणाचा वर्ग चालवायची. तिला हाताखालच्या माणसांकडून काम करून घ्यायची सवय होती. दोन वर्षं, एकेक रविवार, डोकं तिचं आणि मजुरी त्याची. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांना तिने इलॅस्टिकच्या पट्ट्या शिवल्या आणि पट्ट्यांवर बटणं लावली. एक बटण तूर, दोन मूग, कोटाचं मोठं बटण हरभरा, सदऱ्याची चार बारकी बटणं साखर, आणि मिठाला घुंगरू. येणारे-जाणारे म्हणायचे, "कित्ती हौस हो तुम्हाला!" ती हसून घ्यायची. हौस होतीच की. जे करायचं ते देखणं नको असं कुणी सांगितलंय?

आणि आता भाऊबीज उद्यावर आली असताना बटणं गेली होती.

सात वाजून गेल्यावर कंपनीच्या बसने हरिदास आला. तिने त्याला आधी स्वयंपाकघरातच नेलं.

"बाप रे," तो म्हणाला.

"जुने डबे भाभींच्या कामवालीने नेले. सणाची भेट म्हणून."

"मी वर जाऊन सांगतो त्यांना."

"काय सांगणार? माझी बायको आंधळी आहे आणि तुम्ही तिची पाटी पुसलीत? अहो, त्या बाईने दोन तास पदर खोचून माझी फरशी घासली आहे. स्वतःच्या घरी अजून जळमटं आहेत तिच्या."

"मग श्रीरंगला फोन करू? एक दिवस थांब म्हणावं."

"तो गाडीत बसला असेल."

हा श्रीरंग म्हणजे वैजयंतीचा धाकटा भाऊ. गेल्या महिन्यात फोनवर त्याने स्पष्टच सांगितलं होतं. "ताई, तू मला डोळ्यांचं खरं सांगत नाहीस. मी भाऊबीजेला येतो आणि स्वतः बघतो. तुला दिसत नसेल तर मी तुला घेऊनच मिरजेला जाणार. दाजी दिवसाचे बारा तास बाहेर. परमुलखात एकटी, गॅसशी खेळणार?" वहिनीनेही मागून, या ना ताई, वरची खोली रिकामी आहे, असं म्हटलं होतं, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. माणसं चांगली होती हीच पंचाईत होती. तिथे वैजयंतीला सगळं हातात मिळालं असतं. चहा हातात, ताट हातात, औषध हातात. आणि हाताला काम म्हणून काही उरलं नसतं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने हरिदासला तेव्हा विचारलं होतं.

"तुला सोयीचं असेल ते," तो म्हणाला होता. त्या उत्तराचा तिला अजून राग होता. 'जाऊ नकोस' म्हणायला याला काय धाड भरली होती?

त्या संध्याकाळी दोघांनी बसून दुसऱ्या दिवसाला लागणारे तेवढे डबे हुडकले. तांदूळ, कणीक, तूर, साखर, मीठ. हरिदासने त्यांना रबरबँड गुंडाळले, एक, दोन, तीन, चार, पाच. बाकीचे मागे सारले. "एक दिवस निभावलं की झालं," वैजयंती म्हणाली. "परवा तो गेला की सावकाश बघू."

सकाळी हरिदास निजामुद्दीनला श्रीरंगला आणायला गेला आणि वैजयंतीने पुऱ्यांची कणीक भिजवली. वरण झालं, बटाट्याची भाजी झाली, बासुंदी आटत आली. पाचही डबे शहाण्यासारखे वागले. जिन्यात पावलं वाजली तेव्हा तिने घंटी वाजायच्या आधी दार उघडलं, भावाच्या हातातली पिशवी घेतली, न चाचपडता पाणी आणून दिलं. श्रीरंग तिच्याकडे नुसता बघत राहिला असावा.

"ताई, तू तर ठणठणीत आहेस गं!"

"मग? तुला काय वाटलं, काठी घेऊन दारात उभी असेन?"

"नाही, म्हणजे... मी उगाच घोर लावून घेतला." त्याचा आवाज असा सैल झाला की तिलाच हायसं वाटलं. आंघोळ करून तो पाटावर बसला. आंघोळीच्या पाण्यावरून, दिल्लीच्या थंडीवरून, गाडीत भेटलेल्या एका सरदारजीवरून त्याची बडबड चालू होती. हरिदासने निरांजन लावून दिलं. वैजयंतीने देवाच्या फळीवर कोयरीसाठी हात घातला, आणि कोयरी तिथे नव्हती.

नंतर कळलं की भाभींना ती पितळी कोयरी शोभेची वस्तू वाटली होती. त्यांनी ती घासूनपुसून टीव्हीवर ठेवली, आतलं हळदकुंकू दोन छोट्या डब्यांत काढलं, आणि कोपऱ्यात पुड्यांमधून सांडणारे रांगोळीचे रंगही तशाच डब्यांत भरून तिथेच ओळीने मांडले. बाईंच्या नीटनेटकेपणाला तोड नव्हती. बावीस डब्यांची काळजी करताना कुंकवाची आठवण मात्र नवराबायकोपैकी कुणालाच झाली नाही.

कोयरीच्या जागी वैजयंतीच्या हाताला डबी लागली. बोट बुडवून पाहिलं. कोरडी पूड. जरा भरड लागली. पण भाऊ पाटावर बसलेला, वात जळत होती, आणि इथल्या बाजारातलं कुंकू असतंच असं, असं तिने स्वतःला समजावलं. थोरल्या बहिणीने धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवावा तसा डावा हात तिने त्याच्या टाळूवर ठेवला, अंगठा कपाळावर उतरवला आणि उजव्या हाताने मध्यावर टिळा लावला. अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. सगळं कसं बिनचूक.

फक्त बडबड थांबली होती. श्रीरंगने तबकात साडी ठेवली, तिच्या पाया पडला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "वाढ ताई."

जेवण झालं. पुऱ्या फुगल्या, बासुंदी जमली, तिने तीनदा आग्रह केला, तरी दोघं पुरुष मयताला बसल्यासारखे जेवत होते. चौथ्यांदा बासुंदी वाढायला ती वाकली तेवढ्यात दार ढकलून चढ्ढा भाभी आल्या. त्यांच्या हातातल्या पिन्नीच्या लाडवांच्या तुपाचा वास त्यांच्या पुढे आला.

"नमस्ते भाईसाहब! लो जी, मुँह मीठा... अरे! ये क्या? आप लोगों में भाईदूज पे हरा टीका लगाते हैं?"

वैजयंतीच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला.

"हाँ जी," श्रीरंग तत्काळ म्हणाला. "हमारे मिरज में हराही लगाते हैं. पुराना रिवाज है."

धाकट्या भावाला लहानपणापासून थाप मारता येत नसे. पेरू चोरले तर स्वतःच घरी येऊन सांगायचा. तो आज एका परक्या बाईसमोर, कपाळावर हिरवा रंग मिरवत, ताईसाठी धडधडीत खोटं बोलला होता. म्हणजे त्याने पाहिलं होतं. हरिदासनेही पाहिलं होतं. वैजयंतीला त्या भावाची फार माया आली. आणि त्याच वेळी हेही कळलं की ज्याने आपली लाज झाकली तो आता आपल्याला इथून घेऊन जाणार. बिचारी झालोच आपण. भाभींना कळू न देता झालो, एवढंच.

तिने डाव खाली ठेवला.

"नहीं भाभी," ती म्हणाली. "लाल ही लगाते हैं. मुझे दिखा नहीं."

"हाँ, डिब्बियाँ एक जैसी हैं ना, तो..."

"डिब्बी की बात नहीं. मुझे दिखताही नहीं, भाभी. दो साल से."

भाभी खुर्ची सोडून फरशीवरच बसल्या असाव्यात, कारण पुढचा आवाज खालून आला. "हाय, मैं मर जावाँ. कल मैंने पूछा कैसी लग रही है, और तू बोली सुंदर!"

"सुंदर तर आहेच," वैजयंती मराठीतच बोलून गेली, मग म्हणाली, "सुंदरही है. बस, मुझे अब ढूँढना पड़ता है."

"और वो बटन?"

"वो मेरे लेबल थे."

मग भाभींच्या चपला धडाधड जिना चढून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि त्यांनी एक मऊ गाठोडं वैजयंतीच्या मांडीत कोंबलं. इलॅस्टिकच्या पट्ट्या. सगळ्या. "डिब्बे दे दिए, पर ये फेंकने का दिल नहीं किया. इतनी प्यारी बनाई थीं. मैंने सोचा, सिम्मी को दिखाऊँगी कि देख, हाथ का काम इसे कहते हैं." आणि मग त्या बाईने असा काही हंबरडा फोडला की वैजयंतीलाच तिची समजूत काढावी लागली.

"रोना बाद में, भाभी. डिब्बे उतारो."

डबे खाली आले. वैजयंती मांडी घालून मधे बसली. भाभींनी झाकण उघडायचं, हिने वास घ्यायचा, चिमूट चोळायची, गाठोड्यातून नेमकी पट्टी काढायची आणि नव्या डब्याला चढवायची. नवे डबे जुन्यांपेक्षा हलके होते आणि झाकणं घट्ट बसत होती. मुंग्यांचा त्रास आता सुटणार होता. हे तिने बोलूनही दाखवलं. वीसेक मिनिटांत सगळे डबे बटणं घालून बसले.

"भाभी, तुम्हारा सेट बहुत अच्छा है," ती म्हणाली, आणि या वेळी तिला कशाचं कौतुक करतोय ते ठाऊक होतं.

भाभींना मग सगळंच पाहायचं होतं. वैजयंतीने त्यांना घरभर फिरवलं. दाराला बांगड्यांचं तोरण का आहे, तर दार उघडलं की कळावं. जुन्या चादरीच्या खिशांच्या पडद्यात कुठल्या खिशाला कसली किनार आणि आत काय. आणि बैठकीच्या दारापासून ओट्यापर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीवर ठोकलेली साड्यांच्या काठांची पट्टी, जिला सगळे नक्षी समजत: जरीचा काठ संपून सुती लागला की उजवीकडे न्हाणीघर, सुती संपून खण लागला की स्वयंपाकघर, आणि खणावर तीन गाठी आल्या की गॅस जवळ आहे, जपून. भाभी प्रत्येक गोष्टीला हात लावून पाहत होत्या आणि नाक ओढत होत्या. शेवटी, उद्यापासून दुपारी एक चक्कर टाकीन, पण किल्ली न वापरता, दार वाजवून, असं सांगून त्या गेल्या.

श्रीरंग इतका वेळ पाटावरच होता.

"ताई," तो म्हणाला, "फार छान केलंस. पण तरी चल. आज टिळ्याचा रंग चुकला. उद्या आणखी काही चुकलं आणि घरात कुणी नसलं तर? दाजी, तुम्ही तरी सांगा तिला."

'तिला सोयीचं असेल ते' हे वाक्य आता येणार, हे वैजयंतीला पक्कं माहीत होतं.

हरिदासने घसा खाकरला. "श्रीरंग, मी बारा तास बाहेर असतो हे खरं. पण हे घर ती चालवते. मला माझा मोज्याचा जोड सापडत नाही हो. रेशनकार्ड कुठे आहे, विजेचं बिल कुठे, पावसाळी बूट कुठे, सगळं तिला विचारतो. या घरात ज्याला दिसत नाही तो माणूस मी आहे." तो थांबला. एवढं लांब भाषण त्याने लग्नातल्या उखाण्यानंतर केलं नव्हतं. "ती गेली तर माझं कसं व्हायचं? मी आधीच म्हणायला हवं होतं. वैजू, तू जाऊ नकोस."

पंधरा वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. देवा, किती दिलंस, एवढंच तिला वाटत राहिलं.

पाट सरकल्याचा आवाज आला. श्रीरंग उठला आणि दारापर्यंत जाऊन थांबला. रागावून निघाला की काय? मग तिला भिंतीवरून कापडावर नखं घासल्यासारखा आवाज ऐकू आला. अगदी हळू.

"काय करतोय तो?" तिने पुटपुटत विचारलं.

"डोळे मिटून चाललाय," हरिदास कुजबुजला. "काठाला हात लावून."

तिने ऐकलं. जरीचा काठ संपून सुती लागला तिथे पाऊल थांबलं, मग पुन्हा निघालं. खणाशी थांबलं. तीन गाठींपाशी तर बराच वेळ थांबलं. एक भांडं कलंडलं, लगेच सावरलं. हात फळीवरून फिरत गेला, दुसऱ्या फळीवर, पेले लागले, त्यातला एक उचलला गेला. नळ सुटला. पेला भरल्याचा आवाज आला, मग पाणी प्यायल्याचा, मग पेला ओट्यावर ठेवल्याचा. नळ मात्र चालूच राहिला. आणि त्या पाण्याच्या आवाजाआड श्रीरंग, लहानपणी हुंदका दाबायचा तसाच, नाकातून श्वास ओढत उभा होता.

वैजयंतीने त्याला पुरेसा वेळ दिला. मग थोरल्या बहिणीच्या आवाजात तिने हाक मारली.

"श्री, नळ बंद कर. इथे टाकीत पाणी सकाळी एकदाच येतं."